वार्धक्याचा आभासी अनुभव : परिचारिकांच्या शिक्षणातील नवे साधन

वृद्ध रुग्णांची शुश्रूषा शिकणारी विद्यार्थिनी बहुधा विशीतील असते. ऐंशी वर्षांच्या माणसाला जग कसे दिसते, कसे ऐकू येते आणि जिना उतरताना त्याचा पाय का अडखळतो, हे तिला पाठ्यपुस्तकातून आणि रुग्णालयातील प्रात्यक्षिकांतून समजून घ्यावे लागते. वयातील ही दरी कमी करण्यासाठी अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि जपान या देशांतील काही शिक्षणसंस्था व वृद्धसेवा संस्थांनी गेल्या सुमारे दहा वर्षांत आभासी वास्तव, म्हणजेच व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, या तंत्रज्ञानाचा आधार घेतला आहे. डोळ्यांवर हेडसेट चढवून विद्यार्थी काही मिनिटांसाठी एखाद्या वृद्ध व्यक्तीच्या जागी बसतो आणि तिच्या डोळ्यांनी भोवतालाकडे पाहतो. हा अनुभव प्रभावी आहे याविषयी फारसे दुमत नाही. परंतु त्यातून चांगली परिचारिका घडते काय, या प्रश्नाचे उत्तर तितके सरळ नाही.

अल्फ्रेड यांच्या जागी सात मिनिटे

या क्षेत्रातील सर्वांत परिचित उदाहरण शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठात २०१६ च्या सुमारास तयार झाले. ‘वुई आर अल्फ्रेड’ हे त्याचे नाव. अल्फ्रेड हे काल्पनिक पात्र असून ते ७४ वर्षांचे आफ्रिकी-अमेरिकी गृहस्थ आहेत. त्यांच्या दृष्टिपटलाच्या मध्यभागाची झीज झाली आहे. वैद्यकात या विकाराला मॅक्युलर डिजनरेशन म्हणतात. शिवाय वरच्या पट्टीतील ध्वनी त्यांना ऐकू येत नाहीत. चित्रणाचा अवधी सुमारे सात मिनिटांचा आहे.

हेडसेट घालताच विद्यार्थ्याच्या नजरेसमोर मधोमध एक गडद डाग उभा राहतो. मान वळवली की डागही वळतो. समोरच्या व्यक्तीकडे थेट पाहिले तर नेमका चेहराच दिसेनासा होतो. दिसतात ते तिचे खांदे, मागची भिंत आणि टेबलाची कड. वाढदिवसानिमित्त कुटुंब जमले आहे, गप्पा चालू आहेत, पण शब्द पुरते कानी येत नाहीत. वयोमानाने येणाऱ्या बहिरेपणात आवाज सर्वस्वी बंद होत नाही. स, श, फ, त यांसारखी उंच कंप्रतेची व्यंजने आधी हरवतात आणि स्वर तेवढे शिल्लक राहतात. त्यामुळे कोणीतरी बोलत आहे हे कळते, काय बोलत आहे हे कळत नाही.

पुढे अल्फ्रेड यांना डॉक्टरांसमोर बसवले जाते आणि आकलनशक्तीची चाचणी घेतली जाते. विचारलेले अर्धवट ऐकू येते, कागदावरचे अर्धवट दिसते, साहजिकच उत्तर चुकते. डोळ्यांचा आणि कानांचा दोष बुद्धीच्या खात्यावर जमा होऊ लागतो. सगळ्या कथेचे मर्म या प्रसंगात आहे. वृद्ध रुग्णाच्या गोंधळाला स्मृतिभ्रंश ठरवण्यापूर्वी त्याचा चष्मा त्याच्या नाकावर आहे काय आणि श्रवणयंत्राची बॅटरी चालू आहे काय, हे पाहणे परिचारिकेचे काम आहे. पाठ्यपुस्तकात हे वाक्य एका ओळीत येते. अल्फ्रेड यांच्या खुर्चीत बसलेला विद्यार्थी ते स्वतः चुकीचे उत्तर देऊन शिकतो.

या प्रकल्पामागील कॅरी शॉ यांची कथाही सांगण्याजोगी आहे. त्या अवघ्या एकोणीस वर्षांच्या असताना त्यांच्या आईला अल्झायमर्स जडल्याचे निदान झाले. आजाराच्या ओघात आईच्या दृष्टिक्षेत्राचा डावा भाग नाहीसा झाला. ताटाच्या डाव्या बाजूचे अन्न तसेच का राहते, डावीकडून कोणी आले की आई का दचकते, हे घरी येणाऱ्या सेविकांना तोंडी समजावून सांगणे कठीण जात होते. तेव्हा शॉ यांनी एका चष्म्याच्या काचांचा डावा भाग चिकटपट्टीने झाकला आणि तो सेविकांना घालायला दिला. पुढे वैद्यकीय चित्रणाचे शिक्षण घेताना त्यांनी हीच कल्पना संगणकाच्या साहाय्याने विस्तारली आणि २०१६ मध्ये एम्बॉडीड लॅब्ज ही कंपनी स्थापन केली. अल्फ्रेड यांच्यापाठोपाठ अल्झायमर्सच्या निरनिराळ्या टप्प्यांतून जाणाऱ्या बिएट्रिझ आणि फुप्फुसाच्या कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतील क्ले या पात्रांची चित्रणे आली. क्ले यांच्या चित्रणात विद्यार्थी रुग्णाच्या अंथरुणावरून स्वतःचा मृत्यू अनुभवतो.

अमेरिकेतील मेन हे राज्य मध्यक वयाच्या दृष्टीने त्या देशातील सर्वांत वयस्क राज्य मानले जाते. तेथील न्यू इंग्लंड विद्यापीठाने ही चित्रणे अभ्यासक्रमात आणली, आणि त्यासाठी पुढाकार घेतला तो विद्यापीठाच्या ग्रंथालयाने. वैद्यक, भौतिकोपचार आणि शुश्रूषा या शाखांच्या विद्यार्थ्यांना ती दाखवण्यात आली. या उपक्रमाविषयीचा लेख २०१८ मध्ये वैद्यकीय ग्रंथालयांच्या अमेरिकी संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. वृद्धांच्या अडचणींची जाणीव व त्यांच्याविषयीची समानुभूती वाढल्याचे विद्यार्थ्यांनी नोंदवले. हे मूल्यमापन विद्यार्थ्यांनी स्वतःच स्वतःविषयी केलेले होते, ही बाब ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

याच विद्यापीठात त्यापूर्वीपासून आणखी एक उपक्रम चालू होता आणि त्यात कोणतेही यंत्र नव्हते. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला एखादे निदान देऊन वृद्धसेवागृहात रुग्ण म्हणून दाखल केले जाई. सुमारे दोन आठवडे तो तेथेच राहत असे, चाकांच्या खुर्चीतून फिरत असे आणि इतरांच्या हातून भरवून घेत असे. कंटाळा, परावलंबन आणि कोणीतरी येण्याची वाट पाहणे या गोष्टी सात मिनिटांच्या चित्रणात मावत नाहीत. आभासी अनुभवाचे मोजमाप करताना ही तुलना उपयोगी पडते.

बाहुलीपासून हेडसेटपर्यंत

रुग्णाऐवजी रुग्णाच्या प्रतिकृतीवर शिकण्याची पद्धत परिचारिकांच्या शिक्षणात शतकाहून जुनी आहे. अमेरिकेतील हार्टफर्ड येथील रुग्णालयाच्या प्रशिक्षण विद्यालयात १९११ मध्ये माणसाच्या आकाराची एक बाहुली दाखल झाली. मार्था चेस या बाहुल्या बनवणाऱ्या उद्योजिकेने ती तयार केल्यामुळे ती ‘मिसेस चेस’ या नावानेच ओळखली गेली. तिला कूस पालटवणे, कपडे घालणे, बिछान्यावरून उचलणे यांचा सराव विद्यार्थिनी करीत. मात्र या सगळ्या परंपरेत विद्यार्थिनी खाटेशेजारी उभी असते. ती स्वतः खाटेवर जाण्याची कल्पना बऱ्याच उशिरा आली.

त्या दिशेचा एक विलक्षण प्रयोग एका औद्योगिक रचनाकार महिलेने केला. पॅट्रिशिया मूर या न्यूयॉर्कमध्ये काम करीत होत्या. संधिवाताने आखडलेल्या हातांना उघडता येईल असे शीतकपाटाचे दार आपण का बनवू नये, असे त्यांनी एका बैठकीत विचारले आणि त्यांना झिडकारणारे उत्तर मिळाले. वयाच्या सव्विसाव्या वर्षी, १९७९ मध्ये, त्यांनी वृद्धेचे सोंग घेतले. चेहऱ्यावर रंगभूषा, कानात बोळे, नजर अंधूक करणारा चष्मा, सांधे वाकू नयेत म्हणून बांधलेल्या पट्ट्या अशा वेषात त्या तीन वर्षे अमेरिका व कॅनडातील शंभराहून अधिक शहरांत वावरल्या. दुकानात दुर्लक्ष झाले, रस्त्यात टोळक्याने मारहाणही केली. शरीराच्या अडचणींइतकीच लोकांची वागणूक वृद्धाला दुबळे करते, ही त्यांची नोंद पुढील सर्व प्रयोगांना लागू पडते.

त्यानंतर विशेष पोशाख आले. ब्रिटनमधील लफबरो विद्यापीठाने फोर्ड कंपनीसाठी १९९० च्या दशकात सांधे जखडणारा पोशाख बनवला. मोटारीत बसताना-उतरताना वयस्क ग्राहकाला काय त्रास होतो, हे तरुण अभियंत्यांना कळावे हा त्याचा हेतू होता. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या एजलॅबने ‘अ‍ॅग्नेस’ नावाचा पोशाख तयार केला. पिवळसर चष्मा, मणक्यावर दाब आणणारे पट्टे, तोल डळमळवणारी पादत्राणे असे त्याचे स्वरूप आहे. हे पोशाख अभियंत्यांकडून हळूहळू परिचर्या महाविद्यालयांतही पोहोचले.

अमेरिकेतील सेकंड विंड ड्रीम्स ही १९९७ मध्ये स्थापन झालेली संस्था ‘व्हर्च्युअल डिमेन्शिया टूर’ हा कार्यक्रम चालवते. नावात ‘व्हर्च्युअल’ असले तरी मूळ कार्यक्रमात संगणक नाही. बुटात टोचणारे तळवे, बोटे बधिर करणारे हातमोजे, अंधूक चष्मा आणि कानात सतत गोंगाट अशा अवस्थेत सहभागी व्यक्तीला एका अंधाऱ्या खोलीत सोडतात आणि काही साधी कामे सांगतात. सूचना पुरत्या ऐकू येत नाहीत. एक काम आठवते तोवर दुसरे विसरते. काही जण कपाट उघडून तसेच उभे राहतात, काही स्वतःशी पुटपुटू लागतात. ज्या वर्तनाला रुग्णपत्रिकेत ‘असंबद्ध’ असे लिहिले जाते, तेच वर्तन धडधाकट माणूस काही मिनिटांत करू लागतो.

यंत्रणेचे कार्य

हेडसेटमध्ये प्रत्येक डोळ्यासमोर किंचित वेगळी प्रतिमा असते आणि त्यामुळे खोलीचा भास होतो. आतील संवेदक डोक्याची हालचाल टिपतात व त्यानुसार दृश्य बदलते. हा बदल साधारणतः एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या आत झाला नाही, तर डोळे एक सांगतात आणि कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय दुसरेच सांगते. परिणामी मळमळ व गरगरणे सुरू होते. अशा प्रकारचे उपकरण अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्येच बनवले होते. ते इतके जड होते की छताला टांगावे लागे. महाविद्यालयांना परवडेल अशी उपकरणे २०१२ नंतरच्या काळात बाजारात आली.

शिक्षणासाठीची चित्रणे मुख्यतः दोन प्रकारची असतात. एका प्रकारात सर्व दिशांनी टिपलेला चित्रपट असतो. विद्यार्थी मान वळवून पाहू शकतो, पण घटना बदलू शकत नाही. दुसऱ्या प्रकारात दृश्य संगणकाने रेखाटलेले असते आणि विद्यार्थी हाताने वस्तू उचलू शकतो, चालू शकतो, चूक करू शकतो. पहिला प्रकार स्वस्त व जिवंत वाटणारा, तर दुसरा सरावाला अधिक सोयीचा आहे.

गच्चीच्या कडेवर

दृष्टी व श्रवण यांतील दोष दाखवणे तुलनेने सोपे आहे. स्मृतिभ्रंश दाखवणे अवघड आहे, कारण पाहणाऱ्याची स्मृती शाबूत असते. या अडचणीवर जपानमधील सिल्वरवुड या कंपनीने काढलेला मार्ग लक्षणीय आहे. वृद्धांसाठी निवासस्थाने चालवणाऱ्या या कंपनीने २०१६ पासून स्मृतिभ्रंशाची आभासी चित्रणे तयार केली.

त्यांपैकी एका चित्रणात पाहणारा स्वतःला एका इमारतीच्या गच्चीच्या अगदी कडेवर उभा असलेला पाहतो. खाली रस्ता दिसतो. शेजारी उभ्या असलेल्या दोन व्यक्ती हसतमुखाने, अतिशय आर्जवाने, ‘काही होत नाही, उजवा पाय पुढे टाका’ असे सांगत राहतात. पाय उचलण्याची हिंमत होत नाही. थोड्या वेळाने उलगडा होतो, की आपण एका मोटारीच्या दारात उभे आहोत आणि उतरायचे आहे ते जेमतेम एका पायरीइतके. अंतराचा आणि खोलीचा अंदाज बिघडलेल्या रुग्णाला दिवसा-सेवाकेंद्राच्या गाडीतून उतरणे असे भासू शकते.

या चित्रणात सेविकांचे काही चुकलेले नाही. त्या रागावत नाहीत, ओढत नाहीत. त्यांचा धीर देणारा स्वरच रुग्णाला भयंकर वाटतो, कारण त्या ज्याविषयी बोलत आहेत ते आणि तो जे पाहतो आहे ते यांत मेळ नाही. ‘सहकार्य करीत नाही’ असा शेरा लिहिण्यापूर्वी ‘तुम्हाला काय दिसते आहे?’ असे विचारण्याची सवय या दोन-तीन मिनिटांतून लागू शकते. याच कंपनीने लेवी बॉडी प्रकारच्या स्मृतिभ्रंशात दिसणाऱ्या भासांचेही चित्रण केले आणि त्यासाठी हा आजार असलेल्या एका लेखिकेचे मार्गदर्शन घेतले. खोलीत नसलेली माणसे किंवा प्राणी स्पष्ट दिसणे हे या आजाराचे ठळक लक्षण आहे.

ब्रिटनमध्ये अल्झायमर्स रिसर्च यूके या संस्थेने २०१६ मध्ये ‘अ वॉक थ्रू डिमेन्शिया’ हे चित्रण साध्या मोबाइल फोनवर व पुठ्ठ्याच्या चौकटीतून पाहता येईल अशा रूपात उपलब्ध करून दिले. दुकानात पैसे मोजताना उडणारा गोंधळ, ओळखीच्या रस्त्यावर हरवणे आणि घरात चहा करताना होणारी फसगत असे त्यातील तीन प्रसंग आहेत. ऑस्ट्रेलियातील अल्झायमर्स संघटनेच्या व्हिक्टोरिया शाखेने तर २०१३ मध्येच मेलबर्न येथे मोठ्या पडद्यांवर प्रकाश, ध्वनी व चलचित्र यांचा मेळ घालून स्मृतिभ्रंशाचा अनुभव देणारी खोली उभारली आणि नंतर त्याची हेडसेटवरील आवृत्तीही काढली.

समानुभूती की कीव?

अमेरिकी चित्रपटकार ख्रिस मिल्क यांनी २०१५ मध्ये एका व्याख्यानात आभासी वास्तवाला समानुभूतीचे यंत्र म्हटले आणि ते वर्णन पुढे सर्वत्र रूढ झाले. संशोधनाचा कौल यापेक्षा संयत आहे. २०२१ मध्ये अशा अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. आभासी वास्तवामुळे भावनिक समानुभूती, म्हणजे दुसऱ्याचे दुःख पाहून मन हेलावणे, वाढते. परंतु बौद्धिक समानुभूती, म्हणजे दुसऱ्याच्या दृष्टिकोनातून विचार करण्याची क्षमता, तशी वाढत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. परिचारिकेला दोन्हींची गरज असते आणि दुसरीची अधिक. हेलावलेल्या मनाने रात्रपाळीत पंधरा रुग्ण सांभाळता येत नाहीत.

अधिक अस्वस्थ करणारा निष्कर्ष कोलोरॅडो विद्यापीठातील एका अभ्यासाचा आहे. एरिएल सिल्व्हरमन या स्वतः दृष्टिहीन असलेल्या मानसशास्त्रज्ञ. त्यांनी सहकाऱ्यांसह केलेला हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. डोळ्यांवर पट्टी बांधून काही कामे करून पाहिलेल्या लोकांचे अंध व्यक्तींविषयीचे मत सुधारण्याऐवजी खालावले. अंध व्यक्ती स्वतंत्रपणे राहू शकतील, नोकरी करू शकतील यावरील त्यांचा विश्वास कमी झाला. याचे कारण उघड आहे. पट्टी बांधलेल्या माणसाला अंधत्वाचा पहिला दिवस अनुभवाला येतो, विसावे वर्ष येत नाही. काठीचा, स्पर्शाचा, आवाजाचा वापर करण्याचे जे कौशल्य दृष्टिहीन माणूस वर्षानुवर्षांच्या सरावाने कमावतो, ते पट्टीबरोबर मिळत नाही.

वार्धक्याच्या बाबतीत हा आक्षेप अधिकच लागू होतो. म्हातारपण कोणालाही एका सकाळी गाठत नाही. मोतीबिंदू वर्षानुवर्षे पिकत जातो आणि तेवढ्या काळात माणूस उजेडाकडे तोंड करून बसायला, जिन्याचा कठडा धरायला, भाजीवाल्याच्या ओठांकडे पाहायला शिकतो. हेडसेटमधील वार्धक्य मात्र पंचविशीतील माणसावर एकदम कोसळते. त्यातून ‘इतके सोसून हे जगतात कसे’ अशी भावना निर्माण झाली, तर पुढची पायरी म्हणजे रुग्णाला विचारल्याविना त्याची सर्व कामे आपणच उरकणे. ज्याला अजून स्वतःच्या हाताने जेवता येते त्याला भरवत राहिले तर ते कौशल्य लवकर नाहीसे होते, हे शुश्रूषाशास्त्रातील परिचित सत्य आहे.

अनुभवाचा ताण हाही दुर्लक्ष करण्याजोगा विषय नाही. ज्या विद्यार्थिनीच्या घरी आजी स्मृतिभ्रंशाने आजारी आहे, किंवा जिने अलीकडेच वडिलांचा मृत्यू पाहिला आहे, तिला क्ले यांच्यासारखे चित्रण न सांगता दाखवणे योग्य ठरत नाही. आधी कल्पना देणे आणि मध्येच थांबण्याची मुभा ठेवणे हे किमान पथ्य होय.

हेडसेट काढल्यानंतर

प्रतिकृतींवर आधारित शिक्षणाच्या क्षेत्रात एका गोष्टीवर व्यापक एकमत आहे. अनुभवानंतरची चर्चा ही अनुभवाइतकीच, किंबहुना अधिक महत्त्वाची असते. काय दिसले, काय वाटले, आणि त्या प्रसंगी समोरच्या व्यक्तीने काय वेगळे करायला हवे होते, हे प्रश्न प्रशिक्षित शिक्षकाने विचारले तरच भावनेचे कृतीत रूपांतर होते. अमेरिकेतील परिचर्या परवाना मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने दहा शिक्षणसंस्थांतील सहाशेहून अधिक विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णालयातील प्रात्यक्षिकांचा निम्म्यापर्यंतचा वेळ प्रतिकृतींवरील सरावाला दिला तरी विद्यार्थ्यांचे ज्ञान व कौशल्य उणे पडत नाही, असे त्यात आढळले. मात्र त्या संस्थांतील शिक्षकांना अनुभवोत्तर चर्चेचे खास प्रशिक्षण देण्यात आले होते. शिवाय तो अभ्यास आभासी वास्तवाचा नव्हता.

चर्चेतून निघणारी कृती बहुतेक वेळा लहानच असते. रुग्णाशी समोरून, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर येऊन बोलावे. खिडकीला पाठ करून उभे राहू नये, कारण तेव्हा बोलणाऱ्याचा चेहरा काळवंडतो. ओरडू नये, ओरडल्याने आवाजाची पट्टी चढते आणि नेमकी तीच पट्टी वृद्धाच्या कानाला ऐकू येत नाही. सावकाश, खालच्या सुरात बोलावे आणि उत्तरासाठी थांबावे. पाण्याचा पेला मध्यभागी दिसत नसेल तर कोठे ठेवला आहे ते सांगावे.

ताटाच्या रंगाचेही असेच आहे. बोस्टन विद्यापीठातील संशोधकांनी अल्झायमर्सच्या प्रगत अवस्थेतील मोजक्या रुग्णांना पांढऱ्याऐवजी गडद रंगाच्या ताटल्या व पेले दिले, तेव्हा अन्नाचे सेवन २५ टक्क्यांनी आणि पेयांचे ८४ टक्क्यांनी वाढले, असे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात नमूद आहे. रुग्णसंख्या लहान असल्याने आकड्यांवर फार भर देता येणार नाही. तरीही पांढऱ्या ताटलीतील दहीभात न खाणारे आजोबा हट्टी नसून त्यांना भात दिसतच नसेल, ही शक्यता तपासायला खर्च येत नाही.

भाषेचा प्रश्न यात विशेष महत्त्वाचा आहे. वृद्धाशी लहान मुलाशी बोलावे तसे बोबडे, लाडिक बोलण्याच्या सवयीचा अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाच्या परिचर्या संशोधक क्रिस्टीन विल्यम्स यांनी अभ्यास केला. असे बोलले असता स्मृतिभ्रंशाचे रुग्ण शुश्रूषेला अधिक विरोध करतात, असे त्यांना २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. आपल्याकडे अनोळखी वृद्धालाही ‘आजी’, ‘आजोबा’ म्हणण्याची रीत आहे आणि त्यात आपुलकी आहे. परंतु ‘आजी, शहाण्यासारखं औषध घ्यायचं हं’ या वाक्यातील आजी आणि शहाणपण दोन्ही खोटे असतात, हे निवृत्त मुख्याध्यापिकेला ते ऐकवून पाहिल्यास तत्काळ समजेल. ‘कुलकर्णीबाई’ अशी हाक मारलेली आवडेल की ‘आजी’, हे रुग्णालाच विचारणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

तंत्रज्ञानाचा उपयोग केवळ रुग्णाच्या जागी बसण्यासाठी होतो असेही नाही. जपानमधील क्युशू विद्यापीठाने हाताच्या व नजरेच्या कौशल्यासाठी त्याचा वापर केला आहे. फ्रान्समध्ये इव्ह जिनेस्त आणि रोझेत मारेस्कोत्ती यांनी विकसित केलेल्या ‘ह्युमॅनिट्यूड’ या शुश्रूषापद्धतीचे चार आधार आहेत : नजर, बोलणे, स्पर्श आणि रुग्णाला उभे करणे. क्युशूच्या यंत्रणेत खाटेवरील पुतळ्यावर संगणकनिर्मित चेहरा दिसतो. शिकणाऱ्याने योग्य अंतरावरून त्याच्या डोळ्यांना डोळे भिडवले काय, हे यंत्र तपासते. येथे विद्यार्थी पुन्हा खाटेशेजारी उभा आहे, मात्र आपल्या नजरेचा हिशेब त्याला मिळतो.

भारतातील स्थिती

भारतात हा विषय परदेशी नवलाईपुरता मर्यादित राहिलेला नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील व्यक्ती १० कोटी ३८ लाख होत्या. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय वृद्धत्व अहवालानुसार २०२२ मध्ये ही संख्या १४ कोटी ९० लाखांवर, म्हणजे लोकसंख्येच्या १०.५ टक्क्यांवर गेली होती, आणि २०५० पर्यंत ती ३४ कोटी ७० लाख होईल असा अंदाज आहे. स्मृतिभ्रंशाविषयीच्या देशव्यापी पाहणीवर आधारलेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साठीपुढील ७.४ टक्के व्यक्तींना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना हा विकार असल्याचे अनुमान काढण्यात आले.

भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमात सत्रपद्धती आली आणि प्रतिकृतींवरील सरावाला प्रयोगशाळेच्या तासांत स्थान मिळाले. वृद्धशुश्रूषा मात्र स्वतंत्र विषय नाही. प्रौढांच्या शुश्रूषेच्या दुसऱ्या भागात, अनेक विकारांच्या सोबतीने, ती शिकवली जाते. हरियाणातील गुरुग्राम येथे परिषदेच्या सहभागाने राष्ट्रीय संदर्भ प्रतिकृती-प्रशिक्षण केंद्रही उभे राहिले असून तेथे परिचर्या शिक्षकांना या अध्यापनपद्धतीचे प्रशिक्षण दिले जाते. शिक्षक तयार नसताना हेडसेट विकत घेतले तर ते कपाटात पडून राहतात, ही यातील व्यावहारिक बाजू आहे.

परदेशी चित्रणे जशीच्या तशी वापरण्यात अडचणी आहेत. अल्फ्रेड यांचे घर अमेरिकी आहे, जेवणाचे टेबल अमेरिकी आहे आणि हरवणारी व्यंजने इंग्रजी शब्दांतील आहेत. भारतीय वृद्धाच्या अडचणी वेगळ्या ठिकाणी दडलेल्या असतात. भारतीय पद्धतीच्या शौचालयात उकिडवे बसून उठणे, न्हाणीघराचा ओला उंबरठा, देवघरातील मंद दिव्यात वाचलेली पोथी, दोन खोल्यांच्या घरात सतत चालू असलेला दूरचित्रवाणी संच आणि त्या गलबल्यात सुनेने विचारलेला प्रश्न ही येथील दृश्ये आहेत. शिवाय येथे रुग्णालयातही रुग्णाजवळ नातेवाईक बसलेला असतो. भरवणे, कूस पालटवणे, शौचास नेणे ही कामे बरेचदा तोच करतो. त्यामुळे भारतीय परिचारिकेला स्वतः शिकण्याबरोबर त्या नातेवाइकालाही शिकवावे लागते.

रुग्ण घरी गेल्यावर तर परिचारिकेची जागा बहुतेक वेळा ब्यूरोमार्फत आलेली मावशी किंवा आया घेते. अंघोळ घालण्यापासून औषधाच्या वेळा सांभाळण्यापर्यंत सारे तिच्यावर असते आणि तिच्यापर्यंत कोणतेच औपचारिक प्रशिक्षण सहसा पोहोचत नाही. अशा ठिकाणी महागडे उपकरण नेण्याची गरज नाही. जगभरातील प्रशिक्षण वर्गांत वर्षानुवर्षे वापरली जाणारी साधने येथेही मिळतात : चष्म्याच्या काचांना लावलेले व्हॅसलीन, कानात कापूस, बुटात तांदळाचे दाणे, बोटांच्या सांध्यांवर चिकटपट्टी. एवढ्या तयारीनिशी औषधाच्या पाकिटातून एक गोळी काढून पाहायला सांगितले, तर गोळी हाती येईपर्यंत बराच वेळ जातो, आणि वेष्टनावरील तारीख वाचता येत नाही ती नाहीच.